एकाच घरचं नेट

"उमसुनआपाच्या घरचं नेट बंद कर, पोरी," मुकाशअबा दारातूनच म्हणाले. चहा नको म्हणाले, तेव्हाच जिपार काय ते समजली.

"कोण, अबा?"

"कुबात. सकाळी. मॉस्कोत, परांचीवरून पडला." म्हाताऱ्याने मागचं दार लोटून घेतलं. "त्याची बहीण नारीनहून निघालीय. ती पोचली की आम्ही जाऊ. तोवर आईच्या कानावर काही जायला नको."

आईला अशी बातमी एकटीने ऐकू द्यायची नसते. गावातले म्हातारे मिळून जातात, दोघी बायका दोन्हीकडून दंड धरतात, मग कोणीतरी तोंड उघडतं. पूर्वी हे जमायचं. आता फोन आले, आणि मेल्याची बातमी म्हाताऱ्यांच्या आधी उंबऱ्यावर हजर व्हायला लागली. या घळीत मोबाइलची रेंज येत नाही, एवढंच काय ते नशीब. साऱ्या गावाचं नेट या क्लबच्या, म्हणजे गावच्या सभाघराच्या, छपरावरच्या टॉवरवरून यायचं आणि त्याच्या नाड्या जिपारच्या हातात होत्या.

नाड्या म्हणजे एक काळा पडदा. ना चित्र, ना बटण. आत एक फाइल, घराघराची एकेक ओळ. डावीकडे घराचं नाव, मधे 'बरोबर'च्या दोन आडव्या रेघा, उजवीकडे एक किंवा शून्य: एक म्हणजे चालू, शून्य म्हणजे बंद. जिपारने आज्ञा टाइप केली. उमसुनआपाच्या ओळीतल्या एकाचं शून्य झालं. दुसऱ्या आज्ञेने मशीनला ती फाइल पुन्हा वाचायला लावली. झालं. कपात चहा ओतायलाही याहून जास्त वेळ लागतो.

कुबात तिच्याच वर्गातला. टॉवरची तार छपरावर चढून त्यानेच ओढून दिली होती. मांजरासारखा चालायचा मेला पत्र्यावरून. मुकाशअबा गेले आणि जिपारने ओढणीत तोंड खुपसून रडून घेतलं.

डोळे पुसते न पुसते तोच उमसुनआपा दारात.

"काय गं, झोपा काढतेस का? माझं नेट गेलं."

"तार बिघडली असेल, आपा. बघते."

"शेजारची पोरं कार्टून बघतायत. तार काय माझ्या एकटीशीच रुसली?" म्हातारी हसत हसत बाकावर टेकली. मग तिचं हसू ओसरलं. "मागच्या हिवाळ्यात गुलसाराचं नेट असंच गेलं होतं. संध्याकाळी म्हातारे आले."

जिपार पडद्याकडे वळली.

"पोरी, माझ्याकडे बघ. फक्त माझ्याच घरचं गेलंय का?"

जिपारने बघितलं नाही. फाइलच्या अगदी वर एक ओळ होती, साऱ्या गावाची मिळून एक. तिला आजवर कोणी हात लावला नव्हता. "थांबा हं, आपा," असं म्हणत जिपारने त्या एकाचंही शून्य केलं आणि मशीनला फाइल पुन्हा वाचायला लावली.

पलीकडच्या फाटकातून तोक्तोबुबूचा आवाज आला. "ए जिपार! मेलीस काय गं? नेट गेलं!"

"आमचंही!" आणखी कोणीतरी ओरडलं.

उमसुनआपाने कान देऊन ऐकलं. तिचे खांदे सैल पडले. "अगं बये, सगळ्यांचंच गेलंय!" ती डोळ्यांतून पाणी येईतो हसली. "म्हातारपणी डोकं कुठल्या कुठे जातं बघ. थांब, कुबातला सांगते, ही पोरगी फुकटचा पगार खाते म्हणून. कामावरून सुटला की करतो तो फोन. त्याच्या आत चालू कर, नाहीतर येऊन कान उपटीन. जाते बाई, कणीक फुगून बाहेर येईल."

ती लगबगीने गेली. जिपारला वाटलं, निदान एवढं तरी आपल्या हातून बरं झालं.

मग बाहेरचा आरडाओरडा थांबला. तो ज्या तऱ्हेने थांबला, ते काही बरं नव्हतं. जिपार खिडकीशी गेली.

पुलापाशी म्हातारे जमत होते. ठेवणीतले कोट घालून, कोणी कोणाशी न बोलता. मघाशी ओरडणारी तोक्तोबुबू फाटकात उभी होती, तोंडावर हात धरून. तिचा मुलगा येकातेरिनबर्गला असतो. समोरच्या फाटकात अनारा आली. तिचा नवरा कझानमध्ये. मग पुढचं फाटक उघडलं. मग त्याच्या पुढचं. तिकडे रशियात कामाला कोणी गेलेलं नाही असं घर या गावात नव्हतंच. एकाच घरचं नेट गेलं असतं, तर बाकीच्यांनी मनातल्या मनात हात जोडून आपापली कामं केली असती. आता कोणालाच कळत नव्हतं, कोणावर आलंय ते. आणि फोन लावून विचारायची सोय नव्हती.

जिपार धावत मशीनपाशी आली. चालू करावं, तर उमसुनआपाच्या घरचं बंदच ठेवावं लागणार, आणि मग तिला कळणार. तिने हात मागे घेतला.

पुलावरून गाडी आली. कुबातची बहीण उतरली, चेहरा ओढणीत झाकलेला. बायकांनी तिला मधे घेतलं आणि मुकाशअबा पुढे झाले. गल्लीत कोणी सलाम केला नाही. प्रत्येक फाटकातली बाई त्यांच्या पावलांकडे बघत होती, कुठे वळतात म्हणून. ते ओलांडून पुढे गेले की ती मटकन खाली बसायची आणि लगेच शरमेने मान खाली घालायची.

गल्लीच्या टोकाचं एकच फाटक बंद होतं. आत उमसुनआपा निवांतपणे नान थापत होती.