बाईसाहेबांनी आणलेली वंशावळ

बाबांना चर्चमागे पुरून आम्ही घरात शिरतोय, तोच जमीनमालकीण बाईसाहेब आमची वंशावळ घेऊन हजर. चांगली काचेच्या चौकटीत बसवलेली! "चारशे वर्षं तुमचं घराणं आमचीच जमीन कसतंय. गढीच्या जुन्या दप्तरातून मी स्वतः शोधून काढलं."

मी मोठ्याने वाचू लागले. "टॉमस थ्वेट वारला. त्याचं सगळ्यात चांगलं जनावर, तांबडी गाय, गढीवर जमा. मुलगा राल्फ वारला. करडी घोडी जमा. नातू वारला..." माझा आवाज चढला. "आमच्या प्रत्येक मयताला तुम्ही जनावर नेलंत?"

"तेव्हा रीतच होती गं तशी," बाईसाहेब हसल्या. "त्या नोंदी झाल्या म्हणून तर तुमची नावं टिकली!"

कप आदळून आई माझ्याकडे वळली. "हेस्टर, ऊठ. ह्या जाईपर्यंत गोठ्याला कुलूप लाव."