एका पायावरचा प्रयोग

अफवा मोबाइलवरून कशी पसरते, हे विद्यार्थ्यांना दाखवायला प्राध्यापकांनी स्वतःच एक थाप रचली आणि घरच्या ग्रुपवर सोडून दिली: एका पायावर उभं राहून पाणी प्यायलं की गुडघेदुखी पळते.

महिन्याभराने बघतात तर बायकोच ओट्यापाशी बगळ्यासारखी उभी!

“अगं, थाप आहे ती. मीच मारलेली!”

“तुमचं काय ऐकायचं? नऊ ग्रुपांवर आलंय, खाली डॉक्टरांचं नावसुद्धा आहे,” असं म्हणत ती कठड्याला हातही न लावता जिना उतरून गेली.

प्राध्यापकांनी हळूच दार लावलं, पेला भरला आणि पाय उचलता उचलता थबकले. नेमका कुठला पाय, हे लिहायचं त्यांच्याकडून राहूनच गेलं होतं.