सातवं वाक्य

शहाणपणावर संशोधन करणाऱ्या बाईंनी विद्यापीठातल्या दोनशे मुलांकडून फॉर्म भरून घेतले. सातवं वाक्य होतं, 'माझी चूक मी लगेच कबूल करतो.' झाडून सगळ्यांनी पेन्सिलीने 'नेहमी'वर खूण केलेली! दुसऱ्या दिवशी त्यातला एक दारात उभा.

"बाई, माझं सातवं उत्तर 'कधीकधी' करू का? घरी सांगितलं, तर हसून हसून ताईला ठसका लागला."

"आता काही बदलता येणार नाही," बाई फटकन म्हणाल्या. "बरं," म्हणून तो वळला.

गठ्ठा तर समोरच होता, मोजणीला अजून सुरुवातही झाली नव्हती. सगळ्यात वर, नमुना म्हणून बाईंनी स्वतः भरलेला फॉर्म. सातव्याला 'नेहमी'.

"अरे, थांब," बाईंनी हाक मारली. "खोडरबर आहे ना? तुझं झालं की मला दे."