बाकीदाराच्या दारातला ढोल
सावनेरच्या पुढं असलेल्या एका छोट्या नगरपरिषदेची तिजोरी रिकामी झाली, म्हणून तिला सावरायला नागपूरहून मला पाठवलं होतं. पहिल्याच आठवड्यात मी फर्मान काढलं की मालमत्ता कर थकवणाऱ्यांच्या दारात ढोल वाजवायचा. बँड परवडणार नव्हता, तेव्हा नळ सोडणाऱ्या चंद्रभाननं घरचा ढोल आणला. "मॅडम, कोणालेच सोडाचं नाही नं?" त्यानं विचारलं. "कोणालाच नाही," मी ठणकावलं. पहिलं घर एका सराफाचं होतं. ढोल घुमला तशी सारी गल्ली बाहेर आली आणि सराफानं धाडकन खिडकी लावून घेतली. मला हसू आवरेना. तासाभरात त्याचा चेक आला. दुपारी ऑफिसात येऊन मी चहाचा कप तोंडाला लावते, तोच ढोल पुन्हा वाजू लागला, अगदी कानाशी. खिडकीतून पाहिलं तर चंद्रभान आमच्याच पायऱ्यांसमोर उभा होता. मागे झाडूवाल्या बाया, दिवाबत्तीवाले, आणि बघायला जमलेलं अख्खं गाव. "चंद्रभान, हे काय चाललंय?" मी ओरडले. "बाकीदाराच्या दारात वाजवून राहिलो, मॅडम. पाच महिन्यापासून आमचा पगार नाही. कोणालेच सोडू नका, तुम्हीच म्हणलं होतं." पगार थकल्याचं मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ढोलाचा आवाज एकदम दबला, तेव्हा मी दचकून पाहिलं. माझा हात कडीवर होता. खिडकी मीच लावून घेतली होती.