खोबणीतला गज

त्याने गिटारच्या दांडीतल्या खोबणीत गज बसवला, दांडी कानाशी धरली आणि बोटाच्या पेराने मागून ठोकली. "गप्प बसलाय लेकाचा," तो म्हणाला.

बायको समोरच उभी होती. तिला मात्र आतलं किणकिणणं ऐकू आलं. अगदी बारीक, डबीत टाचणी हलावी तसं. तारांच्या ओढीने दांडी वाकू नये म्हणून आत हा पोलादी गज घालायचा; पण तो जरा जरी सैल राहिला, तर वाजवणाऱ्याच्या सुरांमध्ये आतून किणकिणत राहतो. आणि खोबणीवर लाकडी पट्टी एकदा चिकटली की तो जन्माचा आत.

तिखट कानाचा म्हणून त्याचं नाव होतं. लांबलांबून लोक गिटार करून घ्यायला यायचे ते त्या कानांच्या भरवशावर. कानांनी दगा दिलाय हे तिला कळलं होतं, त्याला नाही. एरवी ठोकून झालं की तो खाली चहाला जायचा. तेवढ्यात ती गज उचलायची, खाली पातळ चिंधी घालायची आणि होता तसा बसवून ठेवायची. आज मात्र स्वारीने सरळ सरसाचं गरम भांडं पुढे ओढलं.

"आधी चहा तरी घेऊन या."

"चहा काय पळून जातोय? गिऱ्हाईक उद्या दारात उभं राहील." खोबणीच्या दोन्ही बाजूंना त्याने भराभर सरस लावला आणि हात पुढे केला. "पट्टी दे."

तिने पट्टी दिली नाही. सरस थिजायला कितीसा वेळ! गप्प बसावं, तर ही किणकिण त्याच्या नावाने मिरवणार. बोलावं, तर या माणसाकडे उरतं काय?

"अहो, वाजतोय तो."

"कोण?"

"गज."

"तुझे कान वाजतायत." तो हसला. त्याने पुन्हा ठोकलं. मग दुसरा कान लावला, पुन्हा ठोकलं. हसू मावळलं.

त्याने विचारलं, "आणि आधीच्या दांड्या?"

"त्या नाही वाजत. त्यांना मी चिंधी घातली. तुम्ही चहाला गेलात की."

आता हा भडकणार, असं तिला वाटलं. त्याने गरम पाण्यात फडकं बुडवलं आणि अर्धवट थिजलेला सरस पुसायला घेतला. सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिला रडू आवरेना. मग त्याने गज उपसून काढला आणि म्हणाला, "घाल."

तिने त्याच्यादेखत चिंधी घातली, गज दाबून बसवला.

त्याने दांडी उचलली. सवयीने स्वतःच्या कानाकडे नेली, थबकला, आणि तिच्या कानाशी धरली. मग पेराने ठोकलं आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.