खालचा कोपरा

जिन्याच्या वळणावर काच अडकली.

काच दारापेक्षा उंच, आणि नितळ तर इतकी की सकाळी तिच्यावर दोन चिमण्या आपटल्या. तिसरी चोचीने टकटक करून, खात्री पटल्यावरच वळसा घालून गेली. आता काच पाच जणांच्या हातांत होती. वर तिघं, खाली दोघं. खालचा डावा कोपरा रिकामा. नव्या मॅनेजरांच्या कागदावर पाच जणांत भागत होतं.

मॅनेजर सगळ्यांच्या वर, शेवटच्या पायरीवर उभे. गळ्यात शिट्टी. त्यांनी ती फुंकली. कुणी हललं नाही. पुन्हा फुंकली. वरच्या तिघांतल्या उंच्याच्या नाकाला खाज सुटली होती आणि दोन्ही हात अडकलेले. त्याने भिंतीला नाक घासलं, तशी काच करकरली. मॅनेजरांनी एकेकाचा उद्धार केला, उद्यापासून येऊ नका म्हणाले. पाय तिथेच.

जिन्याच्या तळाशी मुकादमबाई बसल्या होत्या. कालच खांदा निखळलेला, हात झोळीत. बावीस वर्षं तो डावा कोपरा त्यांचा. यांना ऐकू येत नाही का, असं मॅनेजरांनी त्यांनाच वरून विचारलं.

"येतं की, साहेब. पण आमच्यात पावलांचा आकडा म्हणणारा त्या कोपऱ्याला असतो. काच सुटली तर आधी त्याच्यावर."

"कुठे लिहिलंय असं?"

बाईंनी चांगल्या हाताची बाही दातांनी वर ओढली. मनगटापासून कोपरापर्यंत पांढरा वण होता.

काच पुन्हा करकरली.

मॅनेजरांनी कागद खिशात कोंबला. पोट आत ओढून ते भिंत आणि काच यांच्यातल्या फटीतून उतरू लागले. हा निघाला घरी, असं उंच्या पुटपुटला. पण ते डाव्या कोपऱ्याशी थांबले, वाकले आणि काचेखाली तळवे घातले.

"हातमोजे घ्या," शेजारचा म्हणाला. "माझ्या खिशात आहेत."

त्यांनी हातमोजे चढवले. मग वजन आलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला, शिट्टी छाती आणि काचेमध्ये चेपली. त्यांनी वर पाहिलं. काचेतून वरचे तिघं त्यांच्याकडेच बघत होते.

"एक," ते म्हणाले. इतक्या हळू, की तळाशी बाईंना ऐकूसुद्धा आलं नाही.

त्यांना फक्त सहा जणांचा एकेक पाय एकदम उचललेला दिसला.