नंतर आठवण करून द्या

साखराबाई किशनरावांच्या टेबलासमोर थांबली, खुर्ची रिकामी आहे हे तिने नीट पाहिलं, आणि तरीही ती पुढे जाऊन मुज्तबाच्या रांगेत उभी राहिली.

"बाई, इकडं मोकळं हाय की," किशनराव म्हणाले.

"असू द्या बापू. मुज्तबाभाई झटक्यात करतेत."

कंधारच्या तहसीलसमोर पत्र्याच्या शेडमध्ये हे दोघे अर्जनवीस समोरासमोर बसत. किशनरावांना इथे बसून तीस वर्षं झाली होती, मुज्तबाला जेमतेम एक. टाइपरायटरचा जमाना गेला. आता दोघंही मोबाइलवर अर्ज लिहीत आणि शेजारच्या लुबनाच्या झेरॉक्सच्या दुकानात पाठवत; छापलेला कागद लोक तिथून घेत. दोघांचा मोबाइल एकाच कंपनीचा, एकाच मॉडेलचा. एके काळी कंधारात अर्ज म्हणजे किशनराव, असं होतं. आता लोक मुज्तबाच्या अंगठ्याचं कौतुक करत, आणि ते ऐकून किशनरावांचा बारा महिने तेरा काळ जळफळाट होत असे.

मुज्तबा स्क्रीनकडे बघायचाही नाही. एका कानात वायर खुपसून, समोरच्याच्या तोंडाकडे बघत लिहायचा. माणसाचं सांगून होईपर्यंत अर्ज तयार. "लुबनाकडं जा, ती वाचून दाखवील," एवढं म्हणून तो पुढच्याला हाक मारायचा. दाखवेगिरी नुसती!

"गाणी ऐकत काम करतो लेकाचा," किशनराव चहावाल्या हनीफला म्हणायचे. हनीफ कप विसळत राहायचा.

त्यात गुर्मी वेगळीच. सकाळी किशनराव पुढ्यातून गेले तरी हा ढिम्म. ते खाकरले किंवा काही बोलले, तरच "सलाम, किशनराव!" म्हणजे पहिलं तोंड आपणच उघडायचं, वयाने मोठं असून. दुपारच्या नमाजला जाताना तर हनीफच्या खांद्यावर हात टाकून असा निवांत चालायचा, की किशनराव मान फिरवून घ्यायचे.

गेल्या सोमवारी किशनरावांच्या मोबाइलमध्ये अपडेट आलं. त्यांनी भोळेपणाने बटण दाबलं आणि सगळंच फिरलं. कीबोर्डवरची अक्षरं इकडची तिकडे गेली, मात्रा दुसऱ्या पानावर जाऊन बसल्या. लॉक उघडायची तऱ्हाही बदलली. नुसतं 'अर्जदार' लिहायला त्यांना पाच मिनिटं लागू लागली. तिसऱ्या दिवशी वैजनाथ अर्धा अर्ज सोडून उठला आणि समोर गेला. त्याच्या बापाचे सगळे अर्ज किशनरावांनीच लिहिलेले. हे मात्र जिव्हारी लागलं.

संध्याकाळी त्यांनी मुज्तबाला विचारलं, "तुम्ही अपडेट न्हाई घेतलं?"

"न्हाई बा. हाताला बसलंय ते बसू द्या. रोज 'नंतर आठवण करून द्या' म्हणून राहिलो."

"किती दिवस म्हणाल?"

"चालतंय तोवर." मुज्तबा हसला. "तुम्हाला लई तरास होऊन राहिला का? चार माणसं तुमच्याकडं धाडू का?"

किशनरावांची तळपायाची आग मस्तकात गेली. आता हा आपल्या ताटात वाढणार! रात्रभर त्यांच्या डोक्यात एकच होतं. अपडेट काय माझ्याच नशिबी होतं?

दुसऱ्या दिवशी मुज्तबा हनीफबरोबर नमाजला गेला. मोबाइल लुबनाच्या काउंटरवर चार्जिंगला होता. लुबना आत कागदाचा गठ्ठा सोडत होती. लॉकची नक्षी मुज्तबा चारचौघांत काढायचा, किशनरावांना ती पाठ होती. त्यांनी नक्षी काढली, सूचना शोधली, 'आत्ता अपडेट करा' दाबलं आणि येऊन जागेवर बसले. मनातून गुदगुल्या होत होत्या. घे म्हणावं आता!

पुढचा दिवस त्यांच्या मनासारखा गेला. मुज्तबा स्क्रीनवर अंगठा फिरवायचा, थांबायचा, कानातली वायर काढायचा, पुन्हा खुपसायचा. लॉकच उघडेना. एकदा कसाबसा उघडला, त्याने अर्ज लिहून पाठवलाही, पण लुबनाने दुकानातूनच सांगितलं, "भाई, ह्याच्यातला एकबी शब्द लागत न्हाई."

रांग कुजबुजली आणि हळूहळू किशनरावांकडे वळली. त्यांनी त्या दिवशी सतरा अर्ज लिहिले. अडखळत लिहिले, पण लिहिले. त्या दुपारी भाकरी कधी नव्हे ती गोड लागली.

त्यानंतरच्या दिवशी मुज्तबासमोर कोणीच नव्हतं. मोबाइल मांडीवर ठेवून तो नुसता बसला होता. ते उतरलेलं तोंड जवळून बघायची किशनरावांना भारी हौस आली. भर दुपारी गर्दी ओसरल्यावर ते उठले आणि त्याच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. आज ते खाकरले नाहीत, बोललेही नाहीत. आज पहिला सलाम त्यानेच करावा.

मुज्तबाने मान वर केली. पत्र्याच्या फटीतून ऊन थेट किशनरावांच्या तोंडावर पडलं होतं. दोघांत हातभर अंतर होतं. मुज्तबा त्यांच्या तोंडाकडे बघून ओशाळं हसला.

"कोण हाय भाऊ? जरा हात धरून समोरच्या टेबलापर्यंत नेऊन सोडता का? तिथं किशनराव बसतेत. माझा मोबाइल कानात बोलायचा बंद झाला, तो कशानं बिघडला, ते त्यांनाच कळंल."